खडकवासल्याच्या दारांचा इंजिनीअर

पावसाळ्यात सिंहगडावरून उतरलात की तुम्ही खडकवासला चौपाटीवर थांबताच. भाजलेलं कणीस, कांदाभजी, चहा, मागे पाणी घेऊन एक सेल्फी आणि मग परत पुण्याकडे. मीही कॉलेजची सगळी वर्षं तेच केलं. या पाण्याला अडवणाऱ्या भिंतीशी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं काही नातं आहे, हे मला कळलं ते या पानासाठी अभियंता दिनाची फाइल चाळताना. 15 सप्टेंबर, त्यांचा वाढदिवस. त्या दिवशी मेणबत्तीची आणि रेल्वेच्या रुळाची गोष्ट तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतेच, त्यामुळे ती इथे सांगत नाही. त्यापेक्षा धरणाच्या दारांची गोष्ट मला जास्त खरी आणि जास्त अस्वस्थ करणारी वाटते.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म मुद्देनहळ्ळीचा, म्हणजे आताच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या गावातला. वडील लहानपणीच गेले. बंगळुरात शिकवण्या घेत बीए केलं. म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि हा मुलगा पुण्याला आला, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. हेच पुढे सीओईपी झालं. 1883 मध्ये इंजिनीअरिंगच्या परीक्षेत पहिला आला आणि लगेच मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत नोकरी. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या आत्ताच्या वयात ते साइटवर उभे होते.

सुरुवातीचं काम धुळ्याकडचं. पांझरेच्या पाण्याखालून नळाचा सायफन टाकायचा होता आणि वेळ नेमकी पावसाळ्याची. खणावं तोवर पूर यायचा, खड्डे वाळूनं भरायचे. पाऊस संपेपर्यंत थांबू, असं त्यांनी वर कळवलं, तर वरिष्ठांना ते रुचलं नाही. शेवटी पुन्हा कामाला लागून त्यांनी ते पूर्ण केलं. नदी आपल्या वेळापत्रकानं चालत नाही, हा धडा त्यांना नोकरीच्या पहिल्याच टप्प्यात मिळाला. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात डेडलाइनवरून बोलणी खाल्लेली मी, त्यामुळे हा प्रसंग मला फारच जवळचा वाटला.

पुढे सिंधमधल्या सक्करचं पाणी, जपानचा दौरा, मग पुणे. इथे रानडे, गोखले यांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. आणि इथेच ते दोन कामांत शिरले.

पहिलं काम कालव्यांचं. कालव्याच्या सुरुवातीला शेत असलेला शेतकरी उसाला भरमसाट पाणी घ्यायचा. त्याची जमीन पाणथळ होऊन खराब व्हायची, डास वाढायचे, आणि शेवटच्या टोकाला पाणी पोचायचंच नाही. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडून, पिकं फिरती ठेवून, पाळीनं पाणी द्यायची पद्धत सुचवली. त्याला ब्लॉक सिस्टिम म्हणतात. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला, मग हळूहळू स्वीकारली.

दुसरं काम म्हणजे ही दारं. खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकातलं, दगडी. जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. पुराच्या दिवसांत सांडव्यावर सहा ते आठ फूट पाणी चढायचं आणि निघून जायचं. उन्हाळ्यात मात्र पुण्याला पाणी कमी पडायचं. भिंत उंच करावी तर खर्च आणि धोका दोन्ही. सांडव्यावर कायमचा अडथळा बांधावा तर पुराला वाट उरत नाही.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी दारं बसवली. पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत असेल तर दारं बंद. रेषेच्या वर गेलं की पाण्याच्याच जोरानं ती उघडायची, आणि पूर ओसरला की पुन्हा बंद व्हायची. मोटार नको, वीज नको, मध्यरात्री पावसात धावत येणारा कर्मचारी नको. हे 1903 च्या सुमारासचं. भिंत न वाढवता पाण्याची पातळी साधारण 8 फुटांनी वाढली आणि साठा जवळपास पाव हिश्शानं. त्यांनी पेटंट घेतलं, पण सरकारी नोकरीत असताना केलेलं काम म्हणून रॉयल्टी घेतली नाही. पुढे अशीच दारं ग्वाल्हेरकडे आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसली.

आता इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं या दारांच्या स्वभावावर आहे. दाराला फक्त एक गोष्ट कळते: आपल्या तलावात आत्ता पाणी किती आहे. वरच्या डोंगरात काय चाललंय, खालच्या गावात किती माणसं झोपली आहेत, हे त्याला कळायचं कारण नाही. एका दारासाठी तेवढं पुरेसं आहे. नदीसाठी ते पुरतं का, हा प्रश्न विश्वेश्वरय्यांसमोर आला तो पुण्यात नाही, हैदराबादेत.

1908 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. सर्वांत वरची खुर्ची गोऱ्या साहेबांसाठी राखीव, हे उघड गुपित होतं. ते परदेश दौऱ्यावर असतानाच 28 सप्टेंबर 1908 ला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. सुमारे 15 हजार माणसं गेली असं मानलं जातं. उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे, त्यावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. हैदराबादला गेलात तर चारमिनारच्या फेरीत तेही बघून या. निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी आपला दौरा पुरा केला आणि 1909 मध्ये ते तिथे पोचले.

मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम ते हे. कृष्णराजसागर मोठं आहे, फोटोत छान दिसतं, पण डोक्याचं काम इथलं आहे.

पूर का आला, याचं सोपं उत्तर होतं: पाऊस खूप पडला. पडला होताच, दोन दिवसांत शमशाबादला सुमारे 19 इंच. पण विश्वेश्वरय्या शहर सोडून नदीच्या वरच्या अंगाला गेले आणि मोजायला लागले. मुसीच्या खोऱ्यात शहराच्या वर 788 तलाव होते, जवळपास दर चौरस मैलाला एक. दक्षिणेत गावोगाव असे जुने तलाव असतात, मातीच्या बांधाचे, शेतीसाठी. त्यातले 221 फुटले होते.

हे नीट डोळ्यांसमोर आणा. एक छोटा तलाव भरतो, बांध फुटतो, त्याचं पाणी खालच्या तलावात येतं. खालचा तलाव आपल्या हिश्शाच्या पावसासाठी बांधलेला असतो, वरच्या तलावाच्या पाण्यासाठी नव्हे. तो फुटतो, त्याच्या खालचा फुटतो. प्रत्येक गावानं आपापला बांध आपल्या मापानं ठीक बांधला होता. कुणी एकानं मोठी चूक केली असं दाखवता येत नाही, आणि तरी शहर बुडालं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुमचा भाग चोख असतो, सगळ्यांचाच असतो, आणि पीपीटी ज्याच्या लॅपटॉपवर आहे तोच येत नाही, त्याची ही फार भयंकर आवृत्ती. इंजिनीअरिंगवाले मित्र आज याला कॅस्केडिंग फेल्युअर म्हणतात. वीजेची ग्रिड, बँकांचे सर्व्हर, विमानतळ, सगळीकडे हा शब्द येतो. विश्वेश्वरय्यांनी तो मातीच्या बांधांवर चालत जाऊन पाहिला.

त्यांनी आधी आकडे गोळा केले. हैदराबादचा पाऊस पुरेसा नाही म्हणून शेजारच्या इलाख्यांतल्या नोंदीही मागवल्या. याहून मोठा पाऊस पडूच शकणार नाही, असं धरून चालायला ते तयार नव्हते. मग उपाय सुचवला: शहराच्या वर मुसीवर एक आणि तिला मिळणाऱ्या ईसा नदीवर एक, असे दोन मोठे जलाशय, पूर अडवून धरण्यासाठी. शिवाय शहरात नदीकाठ उंच करणं, काठानं रस्ते आणि बागा, आणि पुढे शहराची ड्रेनेज योजना. मुसीवरचा उस्मानसागर 1920 मध्ये पूर्ण झाला, ईसावरचा हिमायतसागर 1927 मध्ये.

गंमत बघा. खडकवासल्यात याच माणसानं वाया जाणारा फूटन् फूट भरून घेतला होता. मुसीवर ते सांगत होते की धरणात जागा रिकामी ठेवा, पूर आला तर त्याला बसायला. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्हींचं आपसात पटत नाही. पाणी प्यायचं असेल तर तलाव भरलेला हवा, पूर थोपवायचा असेल तर रिकामा. हे दोन्ही जलाशय पुढे शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठीही वापरले गेले, म्हणजे भांडण तिथेही पोचलंच. रिकामी जागा कुणालाच बघवत नाही. धरणातली नाही, हॉस्पिटलमधली नाही, शहरातल्या नाल्याच्या काठची तर नाहीच. 2020 च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पुन्हा तलाव फुटले आणि वस्त्यांत पाणी शिरलं, ते तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल.

यानंतरचं आयुष्य शाळेच्या पुस्तकात असतं तसं. म्हैसूरचे चीफ इंजिनीअर, 1912 पासून दिवाण. कृष्णराजसागराला सुरुवातीला कमी उंचीचीच परवानगी होती, तरी पाया त्यांनी पुऱ्या उंचीचा घातला. हुशारी म्हणा किंवा हट्ट म्हणा. त्या पाण्याखाली गावं गेली, हेही लिहायला हवं. अभियंता दिनाच्या भाषणांत ते येत नाही. 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ, 1918 मध्ये दिवाणपद सोडलं, 1955 मध्ये भारतरत्न.

आणि मग 1961.

माझी आजी पुण्याची. ती वर्षं पुराच्या आधीची आणि पुराच्या नंतरची अशीच मोजते. तुमच्या घरातही कुणीतरी असं असेल, विचारून बघा. 12 जुलै 1961 च्या सकाळी खडकवासल्याच्या वरचं पानशेत धरण फुटलं. मातीचं, नवं. पाणी सोडण्याच्या मार्गाचं काम अपुरं होतं आणि तरी पावसाळ्यात ते भरत गेलं. बांध खचायला लागल्यावर जवानांनी पोत्यांची थप्पी लावून तो सावरायचा प्रयत्न केला. तो सुटला, आणि एवढं सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं.

खडकवासल्याचा विचार करा. ऐंशीहून जास्त वर्षं उभं असलेलं दगडी धरण. त्याच्याकडून त्या दिवशी काही चुकलं नव्हतं. ते मुठेच्या पुरासाठी बांधलेलं होतं, दुसऱ्या धरणाच्या पोटातल्या पाण्यासाठी नाही. काही तासांत तेही फुटलं. दारं कितीही हुशार असोत, भिंतच गेल्यावर ती काय उघडणार नि काय मिटणार. मग ते पाणी पुण्यात आलं, पूल बुडाले, नदीकाठच्या पेठा आणि डेक्कन पाण्याखाली गेले, लोक पर्वतीकडे धावले.

मुसीच्या खोऱ्यात 1909 साली जे मोजून लिहून ठेवलं होतं, तेच इथे 52 वर्षांनी घडलं, फक्त 221 तलावांऐवजी दोन धरणांत. आणि दुसरं धरण नेमकं त्यांच्या दारांचं. हे वाचल्यावर मी बराच वेळ स्क्रीनकडे नुसती बघत बसले. ज्ञान होतं, ते आपल्याच देशात होतं, ते मिळवणारा माणूसही तेव्हा हयात होता. विश्वेश्वरय्या त्या वेळी वयाच्या शंभरीत बंगळुरात होते. पुढच्या एप्रिलात, 1962 मध्ये, ते गेले.

आज चौपाटीवरून दिसतं ते नंतर पुन्हा उभं केलेलं खडकवासला. त्याच्या वर आता पानशेत आहे, वरसगाव आहे, टेमघर आहे. चारही मिळून साधारण 29 टीएमसी पाणी. पावसाळ्यात आपल्याच पेपरात रोज चौकट येते, त्यात या चार धरणांना मिळून एक शब्द वापरतात: धरणसाखळी. 2024 च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे लोकांच्या घरात शिरलं, तेव्हाही ती चौकट छापून आली होती. मी तोपर्यंत तिच्यातला फक्त टक्का बघायचे, पाणीकपात जाणार की नाही ते कळायला. आता वरच्या तीन ओळी आधी बघते.