आल्फ्रेड बिने

आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी फ्रान्समधील नीस या समुद्रकाठच्या नगरात झाला. त्यांनी प्रथम कायद्याचा अभ्यास केला; परंतु त्यात त्यांचे मन रमले नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्राचे ग्रंथ वाचले आणि त्या शास्त्राला वाहून घेतले.

त्या काळी कित्येक विद्वान डोक्याच्या आकारावरून बुद्धी ठरवीत. बिने यांनीही शाळेतील मुलांची डोकी मोजली. पण हुशार व मागे पडलेल्या मुलांच्या मापांत फारच थोडा फरक आढळला. तेव्हा तो मार्ग त्यांनी सोडून दिला.

१९०४ साली फ्रेंच सरकारने अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांविषयी एक समिती नेमली. बिने तिचे सभासद होते. अशा मुलांना ओळखून योग्य साहाय्य मिळावे, म्हणून त्यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये ३० कृतींची एक कसोटी रचली. आकडे ऐकून पुन्हा सांगणे, दोन वजनांतील जड वजन ओळखणे, अशा कृती तीत होत्या.

एका कामात पुढे असणारे मूल बहुधा इतर कामांतही पुढे असते, असे इंग्लंडमधील चार्ल्स स्पिअरमन यांना आढळले होते. म्हणून सर्वांच्या मुळाशी एकच बुद्धी आहे, असे त्यांनी मानले. बिने यांना हे पटले नाही. स्मरण, अवधान, निर्णय अशा अनेक शक्ती मिळून बुद्धी होते. कापडाप्रमाणे ती गजाने मोजता येत नाही आणि शिक्षणाने ती वाढते, असे त्यांचे मत होते. १८ ऑक्टोबर १९११ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

पुढे ही कसोटी जगभर पसरली. धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी बदलून घेतली. असा बदल आवश्यकच असतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वाढलेले वारली मूल रानातील खाण्याजोगे कंद अचूक ओळखते. त्याला अनोळखी भाषेत, न पाहिलेल्या वस्तूंविषयी विचारले, तर ते गप्प राहील. त्या मौनाला बुद्धीचा अभाव म्हणणे हा अन्याय होय.

निरनिराळ्या कामांतील गुण एकमेकांशी जुळतात, हे आजही दिसून येते. मात्र त्यामागे एकच शक्ती आहे की अनेक, हा वाद अजून मिटलेला नाही. कमी गुण हा मुलाच्या कपाळावरील शिक्का नसून शिक्षकाला मिळालेली सूचना आहे, हाच बिने यांच्या कार्याचा बोध होय.