विद्येचे ऋण

विद्यार्थ्यास मिळालेले साह्य हे नुसते दान नव्हे, ते ऋण होय. आणि ते आपल्यामागून येणाऱ्यास हात देऊनच फिटते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र याचा उत्तम वस्तुपाठ आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्य म्हणून त्यांस घरून आणलेल्या गोणपाटावर निराळे बसावे लागे. तहान लागली तरी पाण्यास हात लावण्याची मुभा नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. पुढे कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्यापाशी त्यांच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. पुढील वर्षी महाराजांच्याच साह्याने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. लंडनचा अभ्यास मात्र द्रव्याअभावी अर्धवट राहिला. तो पुरा करण्यासाठी त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे व नवल भथेना या पारशी मित्राचे साह्य घेतले, आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी संपादन केली.

एवढ्या विद्येवर स्वतःचा संसार सुखाने चालविणे त्यांस कठीण नव्हते. परंतु ज्या दारातून आपण आत आलो, ते इतरांस बंदच आहे, ही जाणीव त्यांस स्वस्थ बसू देईना. दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी त्यांनी १९२८ साली संस्था काढली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले.

आम्हां सोनपेठकरांस विशेष जिव्हाळ्याची गोष्ट याच्या पुढची. आपला परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. पदवीसाठी दूर हैदराबाद गाठणे गरिबाच्या मुलास कोठून परवडणार? मराठवाड्याची ही अडचण ओळखून बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास मिलिंद हे नाव मिळाले. नागसेन भिक्षूस निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे ते नाव होय. ज्यास वर्गात मिसळून बसू दिले नाही, त्याने उघडलेल्या या विद्यालयाचे दार मात्र सर्व जातिधर्मांच्या मुलांस मोकळे राहिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, आज तुमच्या फीसाठी कोणी झीज सोशीत असेल. उद्या तुम्ही मिळवते व्हाल, तेव्हा एका तरी गरजू मुलाची फी भरा. पालकांनीही हा संस्कार घरोघरी रुजवावा, अशी आमची विनंती आहे.