डी बॉईन आणि त्याचे कंपू

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, की हा ताशीव कडा रात्रीच्या अंधारात फौज चढून जाईल यावर विश्वास बसत नाही. पण ४ ऑगस्ट १७८० च्या पहाटे तसे घडले खरे. मेजर पॉपहॅमच्या हाताखालच्या कंपनी सरकारच्या शिपायांनी शिड्या लावून हा किल्ला घेतला. त्या वेळी गडावर महादजी शिंद्यांची शिबंदी होती. या चढाईत तोफेचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो जोड्यांचा. दगडावर पाय वाजू नये आणि घसरूही नये म्हणून शिपायांना लोकरी कापडाचे, आत कापूस भरलेले जोडे मुद्दाम शिवून दिले होते. हिंदुस्थानातला एक दुर्घट किल्ला अशा रीतीने मोच्याच्या आणि शिंप्याच्या कामगिरीने गेला.

पाटीलबाबांनी तीन वर्षांत तो परत मिळविला. पण शिपायाच्या पायांत काय आहे, खांद्यावर काय आहे आणि पाठीमागच्या गाडीत काय आहे, यावर लढाईचे पारडे फिरते, ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली असेल असे वाटत नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी त्यांनी पाहिल्या होत्या. त्याच रणात त्यांचा एक पाय कायमचा अधू झाला. वडगावावर १७७९ त इंग्रजांना कोंडीत धरताना कवायती पायदळाची चिवट शिस्तही त्यांनी जवळून पाहिली. शिंद्यांच्या घोडदळाला हिंदुस्थानात तोड नव्हती. नव्हते ते उभे राहून मार खाणारे आणि मार देणारे पायदळ. ते उभे करणारा माणूस त्यांना मिळाला, त्याचे नाव बेनुआ डी बॉईन.

डी बॉईनचा जन्म ८ मार्च १७५१ रोजी आल्प्सच्या कुशीतील सॅव्हॉय प्रांतात, शांबेरी या गावी झाला. घराण्याचे मूळ नाव लबोर्न्य. बाप कातड्यांचा आणि फरचा व्यापारी. दूरदेशांहून आलेल्या जनावरांच्या कातड्यांनी भरलेल्या दुकानात हा मुलगा वाढला, आणि त्या देशांची ओढ त्याला तेथेच लागली असावी. सतराव्या वर्षी त्याने फ्रेंच राजाच्या आयरिश ब्रिगेडमध्ये नोकरी धरली. या तुकडीची शिस्त त्या काळी नावाजलेली होती. शिपायाची कवायत, त्याचा पोशाख, त्याच्या बंदुकीची निगा हे सारे तो तेथे शिकला. पण बढतीचे लक्षण दिसेना, तेव्हा पाच वर्षांनी नोकरी सोडून तो तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या रशियन फौजेत गेला आणि पहिल्याच धामधुमीत तुर्कांच्या कैदेत सापडला. तेथून सुटून, मजल दरमजल करीत, १७७८ त तो मद्रासेस पोचला. तेथे कंपनीच्या देशी पलटणीत त्याला अगदी खालच्या दर्जाची अधिकाऱ्याची जागा मिळाली. तेथेही त्याचे मन रमले नाही. वॉरन हेस्टिंग्जची शिफारसपत्रे घेऊन तो लखनौला गेला, फारसी शिकला, आणि मग नशीब काढण्यासाठी पश्चिमेकडे निघाला.

महादजींच्या छावणीच्या परिसरात त्याचे सामानसुमान लुटले गेले. वस्तू पुढे परत मिळाल्या, पत्रे मात्र मिळाली नाहीत. हे काम पाटीलबाबांच्याच इशाऱ्याने झाले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ते खरे असेल तर असे म्हणावे लागेल, की महादजींनी माणूस चाकरीस ठेवण्यापूर्वी त्याची दप्तरे वाचून घेतली! ते कसेही असो. १७८४ त दोन पलटणी उभ्या करण्याचे काम त्यांनी डी बॉईनवर सोपविले.

दोन पलटणी म्हणजे दीड-दोन हजार माणसे. एवढी माणसे जमविणे कठीण नव्हते. कठीण होते त्यांना हत्यारबंद करणे. त्या काळी आपल्याकडे बहुतेकांच्या हाती तोड्याची बंदूक असे. तिची नळी लांब, मारा दूरचा आणि नेमका. पण जळता तोडा हाती धरून माणसे दाटीने उभी राहू शकत नाहीत, कारण शेजाऱ्याच्या दारूत ठिणगी पडण्याचे भय. पावसात तोडा विझतो. रात्री त्याचा निखारा शत्रूला ठिकाण दाखवितो. शिवाय एकदा बार झाला, की पुन्हा ठासेपर्यंत ती बंदूक म्हणजे नुसती काठी. चकमकीच्या गारेची बंदूक, जिला आपल्याकडे पथरकला म्हणत, ती हे दोष टाळते. तिला संगीन लावली की तिचाच भाला होतो आणि घोडेस्वारांची लाट तिच्यावर फुटते. पायदळाने खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, ओळीने बार काढायचे, आणि घोडा अंगावर आला तरी हलायचे नाही, ही सगळी विद्या या एका अवजारावर उभी होती.

हे अवजार विकत आणून भागणार नव्हते. डी बॉईनने सँगस्टर नावाच्या स्कॉच कारागिराला हाताशी धरले आणि आग्र्यास कारखाना घातला. तेथे तोफा ओतल्या जाऊ लागल्या. विलायती बंदुकीच्या तोडीची बंदूक सुमारे दहा रुपयांत तयार होऊ लागली. कातणारा, ओतणारा, घासणारा हात इथलाच होता. नमुना दिला, माप दिले, आणि मापात न बसणारी वस्तू नाकारण्याची सक्ती केली, एवढेच बाहेरचे.

या पलटणींची कसोटी १७८७ त लालसोटच्या मोहिमेत लागली. ऐन वेळी बादशाही पलटणी तोफांसह शत्रूला मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. ती माघार पळापळ झाली नाही, कारण पिछाडीला डी बॉईनच्या दोन पलटणी जागेवर उभ्या होत्या. पुढच्याच वर्षी आग्र्याजवळच्या लढाईत त्यांनी त्या पराभवाची भरपाई केली. त्यानंतर मात्र फौज आणखी वाढविण्यावरून मतभेद झाला, आणि डी बॉईन चाकरी सोडून लखनौला जाऊन कापडाचा नि निळीचा व्यापार करू लागला. दुकानदाराचा मुलगा दुकानात परतला म्हणावयाचे. परंतु महादजींना त्याची उणीव भासली. त्यांनी त्याला परत बोलाविले आणि १७९० त त्याच्या मनासारखे काम दिले: दहा पलटणींचा, स्वतःच्या घोडदळाचा आणि तोफखान्याचा एक पुरा कंपू. पुढच्या तीन वर्षांत असे तीन कंपू उभे राहिले.

या कंपूची रचना पाहण्यासारखी होती. बहुसंख्य पलटणी तिलंग्यांच्या. त्यांना फिरंगी धाटणीचा गणवेश आणि संगिनीची पथरकला. उरलेल्या नजीबांच्या. हे पठाणी वळणाचे लोक आपली वडिलार्जित तोडेदार बंदूक सोडावयास तयार नसत, आणि दूरच्या नेमासाठी ती उपयोगीही होती. डी बॉईनने हट्ट धरला नाही. त्याने त्या जुन्या बंदुकीलाच संगीन बसवून दिली. जुने टाकून न देता त्यातला दोष तेवढा काढावयाचा, ही त्याची रीत या एका गोष्टीत दिसते. प्रत्येक पलटणीमागे तिच्या स्वतःच्या तोफा, दारूगोळ्याच्या गाड्या, त्यांचे बैल, उंट आणि दुरुस्तीची हत्यारे. निशाणावर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस. मराठ्यांच्या मुलूखगिरीत आल्प्समधले निशाण फडकावे, हा इतिहासाचा एक विलक्षण योग होय.

पण या सरंजामापेक्षाही मोठ्या दोन गोष्टी होत्या, आणि त्या तोफांसारख्या दिसत नसल्यामुळे त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली गोष्ट पगाराची. त्या काळच्या फौजांचे पगार महिनोन् महिने तुंबत, आणि मग शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. महादजींनी दुआबातील मुलूख कंपूच्या खर्चासाठी तोडून दिला. डी बॉईनने अलीगढास ठाणे करून त्याचा वसूल चोख ठेवला आणि पगार वेळेवर वाटला. दुसरी गोष्ट जखमी शिपायाची. रणातून जखमींना उचलून आणण्यासाठी त्याने वेगळे लोक नेमले. जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढे बक्षीस मिळे. बरा होईपर्यंत पगार चालू राही. जो कायमचा निकामी होई त्याला अर्ध्या पगाराची पेन्शन आणि जमीन. मेलेल्याची मालमत्ता त्याच्या नातलगांना पोचे. आपण पडलो तर आपल्याला उचलावयास कोणी येईल, हे ज्याला ठाऊक आहे तोच माणूस संगीन रोखून जागेवर उभा राहतो. कंपूचे खरे चिलखत ते होते.

१७९० च्या जून महिन्यात पाटणच्या लढाईत इस्माईल बेग आणि राजपूत यांचा मोड झाला. सप्टेंबरात मेडत्यास राठोडांच्या घोडदळाने प्राणांवर उदार होऊन हल्ला चढविला. डी बॉईनने पलटणींचा पोकळ चौकोन केला आणि चारही बाजूंनी घोडे येऊन आदळत असता तो चौकोन फुटला नाही. राठोडांचे शौर्य त्या दिवशी उणे पडले नाही. उणे पडले ते हत्यार आणि त्यामागची रचना.

यानंतरचा प्रसंग सांगताना मराठी माणसाचे मन जड होते. १७९३ त लाखेरीस शिंद्यांचा कंपू आणि तुकोजी होळकरांच्या डुड्रेनेकने शिकविलेल्या पलटणी समोरासमोर आल्या. ऐन लढाईत डी बॉईनच्या बाजूची दारूची एक गाडी पेटली आणि तिच्यापासून एकामागून एक गाड्या उडत गेल्या. तरीही जय कंपूचाच झाला. होळकरांच्या पलटणी जवळजवळ कापल्या गेल्या. तोफा दोन्हीकडे चांगल्या होत्या, शिपाई दोन्हीकडे शूर होते, आणि मेलेला प्रत्येक गोलंदाज पुढे दहा वर्षांनी हवा होता.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजींनी देह ठेवला. ज्याच्यावर निष्ठा होती तो धनी गेला आणि डी बॉईनची प्रकृतीही खालावली. १७९५ च्या अखेरीस त्याने दौलतरावांची चाकरी सोडली. कंपू पेराँच्या हाती गेले. जाताना त्याने आपल्या खाजगी रिसाल्याचे घोडे, हत्यारे आणि सारा सरंजाम कंपनी सरकारला विकून टाकला. तो त्याचा स्वतःचा होता, तेव्हा कायद्याने यात वावगे काही नव्हते. पण त्या एका व्यवहारात पुढे येणारे सारे चित्र दिसते.

त्याचे खाजगी जीवन सुखाचे झाले असे म्हणता येत नाही. लखनौस त्याने एका मुसलमान स्त्रीशी संसार मांडला होता. तिच्यापासून त्याला एक मुलगी व एक मुलगा झाला. त्यांना तो १७९७ त विलायतेस घेऊन गेला. पण दुसऱ्याच वर्षी त्याने लंडनमध्ये आदेल दॉस्मों या कोवळ्या वयाच्या फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केले. ते लग्न फळले नाही. पहिली स्त्री, जिला तिकडे हेलेन बेनेट म्हणत, इंग्लंडातील ससेक्स परगण्यात एकटी राहिली आणि १८५३ त तेथेच वारली. फौजेतील निकाम्या शिपायाची काळजी घेणाऱ्या माणसाने घरच्या माणसाची एवढी उपेक्षा करावी, हे त्याच्या चरित्रातील मोठे वैगुण्य आहे. डी बॉईन शांबेरीस परतला. सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केले. हिंदुस्थानात मिळविलेल्या संपत्तीतून त्याने गावात इस्पितळे, अनाथ-वृद्धांच्या संस्था आणि रस्ते यांना सढळ हाताने देणग्या दिल्या, आणि २१ जून १८३० रोजी तो मरण पावला.

त्याने उभारलेली फौज मात्र त्याच्या हयातीतच संपली होती. कंपनीशी युद्ध करू नका, त्यापेक्षा कंपू मोडलेले बरे, असा सल्ला त्याने दौलतरावांना दिला होता म्हणतात. १८०३ त युद्ध पेटले. वेलस्लीने शिंद्यांच्या चाकरीतील गोऱ्या अधिकाऱ्यांना अभय आणि पैसा देऊ केला आणि त्यांतले बरेच निघून गेले. पेराँ स्वतः इंग्रजांच्या आश्रयास गेला. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला, तेव्हा हल्लेखोरांना वाट दाखविणारा लूकन हा शिंद्यांच्याच चाकरीतून आलेला होता. असईस आणि लासवारीस शिंद्यांचे गोलंदाज तोफांना चिकटून मेले; शत्रूच्या सेनापतींनाही त्यांची वाहवा करावी लागली. तोफा उत्तम होत्या, दारू उत्तम होती, हात उत्तम होते. पण हुकूम देणारा जागेवर नव्हता.

दोष कोणाचा? डी बॉईनने कारागीर इथले घेतले, शिपाई इथले घेतले, पण वरचे अधिकारी बहुधा बाहेरचेच नेमले. आणि आपणही त्याला ते विचारले नाही. बंदूक ओतावयास आपण शिकलो. कंपू चालविण्याची विद्या मात्र पगारी पाहुण्याच्या हाती राहू दिली. नवे हत्यार घेणारा प्रत्येक धनी हाच व्यवहार करीत असतो. वस्तू दहा रुपयांत मिळते. ती ज्या व्यवस्थेत चालते ती व्यवस्था विकत मिळत नाही, ती आपल्या माणसांत रुजवावी लागते.

शांबेरीत १८३८ त डी बॉईनचे स्मारक झाले. उंच खांबावर त्याचा पुतळा आणि खाली चार दिशांना तोंड करून चार हत्ती, पुढचा अर्धा भाग तेवढाच असलेले. मागच्या बाजूचा पत्ताच नाही म्हणून गावकरी त्यांची थट्टा करतात. आपल्याकडे स्मारक उरले आहे ते एका शब्दाचे. ग्वाल्हेरच्या लष्करात कंपू नावाची वस्ती आजही आहे. मराठीत मात्र कंपू म्हणजे आता एकमेकांना धरून राहणारे चार-दोन लोकांचे टोळके. ज्या शब्दाच्या पोटात एके काळी दहा पलटणी, त्यांच्या तोफा आणि जखमींना उचलणारी माणसे मावत होती, त्याचा असा संकोच का झाला, याचा विचार आपण केलेला बरा.