सर्पगंधेचे पारखी

वसई-विरारच्या एखाद्या दवाखान्यात कोणी वडीलधारे माणूस गेले, की डॉक्टर त्यांच्या दंडाला पट्टा बांधतात, रबरी फुगा दाबतात आणि रक्तदाब मोजतात. दाब वाढलेला असला, तर गोळ्या लिहून देतात. आज हे दृश्य नित्याचे झाले आहे. परंतु ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी रक्तदाब मोजता येत असला, तरी तो उतरविण्याचे खात्रीचे व सुरक्षित औषध वैद्यकाजवळ नव्हते. ती उणीव दूर करण्याच्या कामी ज्यांनी फार मोठा वाटा उचलला, ते डॉ. रुस्तम जाल वकील मुंबईचे.

हृदय आकुंचन पावले, की रक्त जोराने धमन्यांत ढकलले जाते. त्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, त्यास रक्तदाब म्हणतात. हा दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, तर हृदय थकते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि मेंदूतील रक्तवाहिनी फुटण्याचे भय असते. त्या काळी रोग्याला विश्रांती घ्यावयास सांगत, मीठ वर्ज्य करीत; कधी मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रियाही करीत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सेवेला उत्तमोत्तम डॉक्टर होते. तरीही 12 एप्रिल 1945 रोजी वाढलेल्या रक्तदाबामुळे मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. जेथे अशा बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षाला उपाय मिळाला नाही, तेथे सामान्य रोग्याची काय कथा!

रुस्तम वकील यांचा जन्म 17 जुलै 1911 रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकाचे उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि हृदयरोगांच्या अभ्यासाकडे वळले. परळ येथील के. ई. एम. रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांची कर्मभूमी ठरली. त्या काळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली ही संस्था 1926 साली सुरू झाली होती. तेथे गोरगरीब रोग्यांची रीघ लागलेली असे. त्यांतील कित्येकांना रक्तदाबाचा विकार होता.

आपल्या देशात सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप होते. त्याच्या मुळ्या सापासारख्या वेड्यावाकड्या असतात. सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर वैद्य शतकानुशतके ह्या मुळीचा उपयोग करीत आले होते. 1931 साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो, असे नमूद केले. त्याच सुमारास सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्लीत मुळीतील द्रव्ये वेगळी काढली. तरीही जगाच्या वैद्यकात ह्या औषधाला मान्यता नव्हती.

डॉ. वकील यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. औषध प्राचीन आहे, म्हणून ते डोळे मिटून स्वीकारावे. किंवा ते जडीबुटीचे आहे, म्हणून हसून टाकून द्यावे. त्यांनी हे दोन्ही मार्ग सोडले आणि परीक्षेचा कष्टाचा मार्ग धरला. रक्तदाब हा मोठा चंचल असतो. भीतीने तो चढतो, विश्रांतीने उतरतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही. पुन्हा पुन्हा मोजावे लागते, नोंदी ठेवाव्या लागतात आणि धीर धरावा लागतो.

सुमारे दहा वर्षांच्या अनुभवानंतर, 1949 साली, त्यांनी आपले निष्कर्ष हृदयरोगांना वाहिलेल्या एका प्रतिष्ठित ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी 50 रोग्यांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या होत्या. चार आठवड्यांनंतर 85 टक्के रोग्यांचा वरचा, तर 81 टक्के रोग्यांचा खालचा रक्तदाब उतरलेला आढळला. तेव्हा डॉ. वकील अवघे अडतीस वर्षांचे होते.

त्या लेखाने जगाचे लक्ष वेधले. बोस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत हे औषध वापरून पाहिले. 1952 साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. मज्जातंतूंच्या टोकांशी रक्तवाहिन्या आखडविणारे एक रसायन साठलेले असते. रेसर्पिनमुळे तो साठा रिता होतो. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. असंख्य रोग्यांना त्याचा लाभ झाला. हे औषध सर्वस्वी निर्दोष मात्र नव्हते. काही रोग्यांना त्यामुळे उदासीनता येई. म्हणून मात्रा बेताने देणे अगत्याचे होते. पुढे अधिक चांगली औषधे निघाली व रेसर्पिनचा वापर मागे पडला. परंतु रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो, हा विश्वास रुजविण्यात त्याचा वाटा फार मोठा होता.

1957 साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. पुढल्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. 1974 साली त्यांचे निधन झाले.

सर्पगंधा काही डॉ. वकील यांनी शोधून काढली नाही. ती आपल्या रानात होती आणि आपल्या वैद्यांना ठाऊक होती. पण सोने घरात आहे, एवढे म्हणून भागत नाही. ते कसोटीवर घासून दाखवावे लागते. पूर्वजांच्या ज्ञानाचा आदर करणे म्हणजे त्याची परीक्षा टाळणे नव्हे, ही शिकवण डॉ. वकील यांनी आपल्या कृतीने देऊन ठेवली आहे.