कापरेकर मास्तर आणि हरवलेले शून्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. राण्या, संत आणि समाजसुधारक यांच्याविषयी आपण नेहमीच वाचतो. म्हणून मी एका शाळामास्तरांविषयी लिहिण्याचे ठरविले. त्याला कारणही तसेच घडले.

माझी नात संगणकाचे शिक्षण घेत आहे. दिवाळीच्या सुटीत ती चंद्रपूरला आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. आपण मराठी शाळेत शिकलेलो, प्रोग्रॅम लिहिण्याचे हे काम आपल्याला जमणारे नाही, तेव्हा शिक्षण सोडून द्यावे, असे तिच्या मनाने घेतले होते. तिला दिलेले एक उदाहरण काही केल्या सुटत नव्हते. मी तिच्या वहीत डोकावले, तो ती कापरेकर मास्तरांची वजाबाकी निघाली!

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनीच त्यांना वाढविले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि तीच गोडी मुलाला लागली. ठाण्यास शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले व १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस त्यांनी शाळामास्तरकी केली. साधन म्हणजे कागद, पेन्सिल आणि न कंटाळणारे मन.

१९४६ साली त्यांना ६१७४ या आकड्याचे गुपित सापडले. कोणताही चार अंकी आकडा घ्यावा. फक्त चारही अंक सारखे नसावेत. त्याचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडावेत, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि पहिल्यातून दुसरा वजा करावा. उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करावे. आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला ते साल १९८२. ९८२१ मधून १२८९ वजा केले की ८५३२ उरतात. ८५३२ मधून २३५८ गेले की ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतात. सातव्या वजाबाकीपर्यंत प्रत्येक आकडा तेथे पोचतोच. गंमत अशी की, मास्तरांचे जन्मसाल १९०५ घेतले तर बरोबर सात वजाबाक्या लागतात. भगिनींनो, घरी करून पाहा!

आता याचा प्रोग्रॅमशी संबंध काय? आपल्याकडे तेंदूपत्त्याच्या दिवसांत बाया सत्तर पाने मोजतात, पुडा बांधतात, आणि पुन्हा एकपासून मोजू लागतात. प्रोग्रॅम म्हणजे यापेक्षा निराळे काही नाही. काय करायचे, किती वेळा करायचे आणि केव्हा थांबायचे, एवढे यंत्राला नेमके सांगायचे. मास्तरांची वजाबाकी तशीच आहे. म्हणूनच नवशिक्यांना ती लिहावयास देतात.

माझ्या नातीचे अडले होते ते येथे. तिने २१११ हा आकडा घातला की यंत्र शून्य उत्तर देई. मी तिला यंत्र बाजूला ठेवून पाटीवर बसविले. २१११ मधून १११२ गेले, उरले ९९९. यंत्राने ते तीनच अंक घेतले, आणि ९९९ मधून ९९९ वजा केले. मास्तरांच्या रीतीत मात्र ते ०९९९ असे लिहावे लागतात. मग ९९९० मधून ०९९९ जाऊन ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. एका हरवलेल्या शून्यापायी पोरगी शिक्षण सोडावयास निघाली होती!

त्या दिवशी आम्ही दोघींनी वहीत चार गोष्टी लिहून ठेवल्या. एक, यंत्राला सांगण्यापूर्वी उदाहरण हाताने सोडवावे. दोन, डावीकडचे शून्य टाकू नये. तीन, ११११ सारखा आकडा आला तर आरंभीच परत पाठवावा. चार, फेऱ्या मोजाव्यात. सातापुढे गेल्या तर आपलीच चूक आहे असे समजून शोधावे.

पाचवी गोष्ट मास्तरांच्या नामकरणाची. नाव असे ठेवावे की ते पाहताच ओळख पटावी. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी आनंद देणाऱ्या म्हणून हर्षद हे नाव दिले. दुसऱ्या एका जातीला आपल्या देवळालीचे नाव दिले, तर डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना डेम्लो म्हटले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही ठायी ठायी नावे द्यावी लागतात, आणि नाव चुकले की पुढे स्वतःचेच लिखाण ओळखू येत नाही.

मास्तरांना मान उशिरा मिळाला. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी आपला शोध मांडला, पण अनेक विद्वानांना हे काम पोरखेळ वाटले. १९६६ साली पत्नी निवर्तल्या. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी एका विज्ञान मासिकात त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले.

कमी पगार, घरची अडचण, मोठ्यांची उपेक्षा, यांतले काहीही त्यांची पेन्सिल थांबवू शकले नाही. माझी नात सुटी संपताच परत गेली आणि अजून शिकते आहे. आपल्या घरी एखादी मुलगी वही मिटून बसली असेल, तर तिला रागावू नये. तिच्याजवळ बसावे आणि कोठे एखादे शून्य हरवले आहे का, ते दोघींनी मिळून पाहावे.