गाडगेबाबांची काटकसर

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे नाव डेबूजी. वडील दारूपायी वारले. मामाची शेती सावकाराच्या कर्जात गेली. म्हणून बाबा कीर्तनात सांगत की ऋण काढून सण करू नका, देवापुढे बकरं कापू नका. घरात भांडी कमी असली तरी चालेल, पण पोरं शाळेत घाला. स्वतः ते चिंध्यांचे कपडे घालीत. माझी मावशी अंधेरीला राहते. तिथून जवळच वांद्र्याला नोव्हेंबर १९५६ मध्ये त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. २० डिसेंबरला ते वारले.

यंदा आमच्याकडे जत्रेला उधारीवर बकरं आणलं अन् ताईच्या वह्या राहिल्या. पुढच्या जत्रेआधी मी आबांना ही गोष्ट वाचून दाखवणार आहे.