दाजीसाहेब पटवर्धन

अमरावती शहराजवळ तपोवन नावाची एक वस्ती आहे. ती डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी वसवली. लोक त्यांना प्रेमाने दाजीसाहेब म्हणत.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १८९२ रोजी कर्नाटकातील आसंगी या गावी झाला. पुढे ते होमिओपॅथीचे डॉक्टर झाले व अमरावतीस स्थायिक झाले. स्वातंत्र्यलढ्यातही त्यांनी भाग घेतला. पण त्यांचे सर्वांत मोठे काम पन्नाशी उलटल्यावर सुरू झाले. या वयात माणसे विश्रांतीचा विचार करू लागतात!

त्या काळी कुष्ठरोगाला महारोग म्हणत. उर्दूत आपण त्याला जुजाम म्हणतो. या रोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात. हातपाय बधिर होतात. शेतात काटा रुतला तरी कळत नाही, चुलीचा चटका बसला तरी हात मागे येत नाही. जखम चिघळत जाते आणि हात-पाय अधू होतात. नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी हे जंतू १८७३ सालीच शोधून काढले होते. परंतु आपल्या खेड्यांत हा रोग म्हणजे पापाचे फळ, अशीच समजूत होती. घरचे लोकच रोग्याला घराबाहेर काढत. मग तो बाजारात, देवळापुढे किंवा दर्ग्याच्या पायरीशी भीक मागत बसे.

डॅप्सोन हे गुणकारी औषध त्याच सुमारास भारतात येऊ लागले होते. पण ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे. ज्याला घर नाही, तो इतकी वर्षे औषध कोठे घेणार? जखम कोण धुणार?

दाजीसाहेबांनी १९४६ साली तपोवनात जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. विदर्भ महारोगी सेवा मंडळ ही त्यांचीच संस्था. तपोवनात रोग्यांना औषधोपचार मिळाले, राहायला घरे मिळाली. मुलांसाठी शाळा निघाली. ज्यांचे हात चालत, ते शेती, विणकाम, सुतारकाम करू लागले. ज्या हातांत कोणी नाणेसुद्धा वरून टाकत असे, त्या हातांना काम मिळाले. मला तर औषधाइतकेच हेही मोलाचे वाटते.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ७ मे १९८६ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. त्याआधी काही वर्षे या रोगावर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली होती. आता सहा किंवा बारा महिने औषध घेतले की रोग बरा होतो. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि त्यासाठी रोग्याला घर सोडावे लागत नाही.